‘संपलं’ म्हणायचं नाही

टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून युगं लोटली, पण ऑपरेटरबाईंचं नाव काही सुटलं नाही. तरुणपणी कानाला हेडफोन लावून त्यांनी अख्ख्या खोऱ्याची बोलणी जोडून दिली होती. जोडायचं आणि बाजूला व्हायचं, ऐकत बसायचं नाही, असा तेव्हाचा नियम. आपण तो पाळला, असं बाई छातीठोकपणे सांगत. वस्तीचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता.

त्याच एक्स्चेंजच्या खोलीत आता पुन्हा लाइन आली होती, आणि तीही बाईंच्या हट्टापायी. शहरातल्या दवाखान्यातली डॉक्टर पडद्यावरून तपासणार, असं त्यांनी वस्तीच्या सभेत मांडलं, तेव्हा अध्यक्ष खो खो हसले होते.

"बाई, नाडी काय तारेतून बघणार?"

"तुमचं लग्न माझ्या तारेवर ठरलं, तेव्हा नाही हसू आलं?"

सगळ्या बायका खदखदल्या आणि ठराव मंजूर होईपर्यंत कोणी जागची हलली नाही. मग त्यांनीच भिंतींना चुना दिला, खाट आणली, आडोशाला कापडी पडदा शिवला. जिथे स्विचबोर्ड होता तिथे टीव्हीएवढा स्क्रीन बसला. बाई सकाळी दार उघडायच्या तेव्हा अजूनही जुन्या वायरींचा वास यायचा, आणि नोकरीचा पहिला दिवस आठवायचा.

एकच खोट होती. आवाज उशिरा पोचायचा. इकडची बोलायला लागली की तिकडचीही बोलायची आणि दोघींचा काला व्हायचा. बाईंनी लगेच ट्रंककॉलच्या काळातला तोडगा काढला. आपलं बोलून झालं की ‘संपलं’ म्हणायचं, मगच समोरच्याने तोंड उघडायचं. पडद्यावरची डॉक्टर वयाने बाईंच्या लेकीएवढी. तिला गंमत वाटली, पण नियम तिने शिस्तीत उचलला.

आणि आज खरीखुरी पहिली पेशंट आली. तोफेची सून.

सासूला तोफ का म्हणत, हे तिचा आवाज ऐकल्यावर सांगावं लागत नसे. सुनेचे दिवस भरत आलेले, आणि सकाळपासून बाळ हललेलं नव्हतं. घाटातला रस्ता दरड कोसळून बंद. डोलीत घालून निसरड्या उतारावरून खाली न्यायचं, तर तिच्या जिवाशी खेळ. तरी बाहेर डोली तयार होती आणि माणसं उभी होती.

"पडद्यावरच्या बाहुलीने काही सांगितलं नाही, तर मी निघाले हिला घेऊन," तोफ म्हणाली.

"बाहुली नाही, डॉक्टर आहे ती. आणि तिला सगळं ऐकू जातंय," बाई म्हणाल्या.

"मग चांगलंच झालं की!"

या खोलीसाठी नेमलेल्या सिस्टरने सुनेच्या पोटावर ठोके ऐकायचं यंत्र टेकवलं. त्याचा आवाज थेट डॉक्टरकडे जात होता. खोलीतला स्पीकर लावला की शिट्टी वाजायची, म्हणून तो बंद ठेवला होता. डॉक्टर डोळे मिटून ऐकत होती. सून सासूचा पदर घट्ट धरून होती. बाईंना वाटलं, आपणच हा खेळ मांडला, आणि परीक्षा मात्र या पोरीची आहे.

डॉक्टरने डोळे उघडले. "बाळाचे ठोके…" एवढं आलं आणि चित्र थिजलं. खरखर. मग स्पष्ट, खणखणीत एकच शब्द आला.

"संपलं."

तोफेने जो हंबरडा फोडला, तो बाहेरच्या माणसांनी डोलीपाशी ऐकला. सून पांढरीफटक पडली. सिस्टरच्या हातातलं यंत्र सुटलं. पडद्यावरचं चित्र पुन्हा हललं, पण डॉक्टर नुसती बघत बसलेली. एक अक्षर बोलेना.

बाई स्क्रीनकडे वळल्या. ही गप्प का? आणि तोच डोक्यात वीज चमकली.

"अगं बाई, ती आपल्या बोलण्याची वाट बघतेय! माझाच नियम!"

त्या स्क्रीनवर जवळजवळ चढल्याच. कित्येक वर्षं वापरला नव्हता तो ऑपरेटरचा आवाज आपसूक बाहेर आला. "हॅलो! लाइन तुटली होती! ठोक्यांचं पहिल्यापासून सांगा! आणि तो शब्द तेवढा म्हणू नका!"

आवाज पोचायला क्षण गेला. डॉक्टर दचकली, मग हात कपाळाला लावला. "अहो, ठोके छान आहेत, असं म्हणत होते मी! डोंगर उतरू नका. तिला काहीतरी खायला द्या, डाव्या कुशीवर झोपवा. थोड्या वेळाने पुन्हा ऐकू. आणि यंत्र परत टेकवा, तुमचा स्पीकर लावा. शिट्टी वाजली तर वाजू दे."

शिट्टी वाजलीच. आणि शिट्टीच्या आडून आला टपटप, टपटप, पळत्या घोड्यासारखा आवाज. दारातली माणसं डोली टाकून आत घुसली. सून हसत होती, रडत होती. "हललं! सासूबाई, आत्ता हललं!"

बाई मात्र बाजूला झाल्या नाहीत. लाइन जोडून झाली होती, तरी त्या तिथेच कान देऊन ऐकत राहिल्या, खुशाल, सगळ्यांच्या देखत.

त्या दिवसापासून ‘संपलं’ बंद. बोलून झालं की ‘बोला’ म्हणायचं. पलीकडच्या टेकडीवरच्या बायका तर दुसऱ्याच दिवशी आल्या. आम्हालाही अशी खोली पाहिजे, सभेत कसं बसायचं तेवढं शिकवा म्हणाल्या.

त्यांना आत जाता येईना, कारण खुर्चीत तोफ बसली होती.

"हे बघा डॉक्टरीणबाई, हा डावा गुडघा. हा असा दुखतो. आणि उजवा, त्याचं तर विचारूच नका, झालं काय…"

पडद्यावर डॉक्टर तोंड उघडायची, मिटायची.

"अहो, ‘बोला’ म्हणा की तिला आता!" बाई ओरडल्या.

"म्हणते हो," तोफ म्हणाली, "माझं झालंय कुठे अजून?"