शिलाईतून वाचलेले अस्वल

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. जाड, किंचित खरबरीत आणि शाळेच्या बाकाएवढा रुंद. माझ्यावर नदीकाठी एक रुसलेले अस्वल बसले आहे. चित्रपुस्तकातले चित्र आधी अशा एखाद्या कागदावर हाताने रंगवले जाते आणि मगच छापखान्यात जाते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. माझे पुस्तक हजारो घरांत आहे. मी मात्र एकच आहे. हा गर्व नव्हे, ही वस्तुस्थिती आहे.

ज्या चित्रकर्तीने मला रंगवले तिला सारे ताई म्हणत. त्या अस्वलाचा रुसवा साधायला ताईंना सात दिवस लागले. लोंबता ओठ, तिरपी नजर, गुडघ्यावर आपटलेला पंजा. सारे मनासारखे उतरले तेव्हा त्या स्वतःच टाळी वाजवून हसल्या. इतक्यात पुस्तकांची बांधणी करणारे काका मला न्यायला आले. त्यांनी माझ्या मधोमध बोट टेकवले.

"ताई, अस्वलाचं नाक तुम्ही थेट माझ्या शिलाईत दिलंय. आता हे शिंकणार कसं?"

मी समोरासमोरच्या दोन पानांवर छापला जाणार होतो. पाने जिथे शिवली जातात त्या घडीत मधला भाग बुडतो, आणि नेमके तिथेच ताईंनी अस्वलाचे तोंड काढले होते.

"अगं बाई!" ताईंनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं हेच करतेय, आणि आज घडीच विसरले!"

"मग नवं काढा. उद्या सकाळपर्यंत थांबतो."

"अस्वल निघेल हो नवं. हा रुसवा नाही निघायचा."

ताईंनी पाते उचलले. ते माझ्या अंगात शिरले तेव्हा मला वाटले, संपलो आपण. त्यांनी अस्वल कडेकडेने कापले, चार बोटे डावीकडे सरकवून डिंकाने चिकटवले, आणि मध्ये पडलेल्या भोकावर दुसऱ्या कागदाचा तुकडा लावून त्यावर नदीचे पाणी रंगवले. छापील पानावर हा जोड कोणालाही दिसला नाही. मुलांनी त्या अस्वलावर जीव टाकला. कौतुक पुस्तकाचे झाले, आणि मी एका पुठ्ठ्याच्या पाकिटात निजलो. वर्षे लोटली तसा डिंक तपकिरी झाला, तो तुकडा पिवळा पडला, आणि माझ्या पोटावरचे ठिगळ उघड दिसू लागले.

मग एकदा चित्रपुस्तकांतील मूळ चित्रांचे प्रदर्शन ठरले. आमच्या पुस्तकातली बाराही चित्रे मागवली गेली. प्रदर्शनाच्या संचालिकाबाईंनी मला उजेडात धरले आणि त्यांचा चेहरा पडला.

"ताई, बाकीची अकरा लावते. हे राहू द्या. मुलांपुढे ठिगळ बरं दिसत नाही."

ताई आता वृद्ध झाल्या होत्या, पण वाद घालण्यात तसूभर मागे नव्हत्या. "निर्दोषच दाखवायचं तर छापील पुस्तक टांगा की! मूळ चित्रं मागवलीत कशाला?"

"पण मुलं यातून शिकणार काय?"

"ते मुलांनाच ठरवू द्या. एक दिवस लावा. मुलं हसली, तर मी स्वतः उतरवून घरी नेईन."

एका दिवसावर माझे सारे भवितव्य ठरणार होते. मला शेवटच्या दालनात, दारामागच्या कोपऱ्यात टांगले.

सकाळी एक वर्ग आला, आणि मुले हसली. चांगली पोट धरून हसली. "अरे, अस्वलाचं ऑपरेशन झालंय!" एकजण ओरडला. मी मनात पाकिटात परत गेलोसुद्धा.

परंतु एका मुलीला स्वस्थ बसवेना. तिने मुलांना चाळायला ठेवलेले छापील पुस्तक आणले, तेच पान उघडले, घडीत बोट घातले आणि माझ्याकडे पाहिले.

"बाई, इथे असतं तर नाक दुमडलं असतं! म्हणून सरकवलंय!"

"म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचंपण चुकतं?" दुसऱ्याने विचारले.

"चुकतं. पण फेकलं नाही ना तिने!" ती मुलगी म्हणाली.

शेजारीच मुलांना चित्रे काढायला एक मेज मांडले होते. रेघ वाकडी गेली की कागद चुरगळायचा आणि नवा मागायचा, ही मुलांची नेहमीची रीत. त्या दिवशी कोणी नवा कागद मागेना. सगळ्यांना कात्री हवी होती. मेज सांभाळणाऱ्या मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कोऱ्या कागदांचा गठ्ठा जसाच्या तसा, आणि डिंकाच्या तीन बाटल्या फस्त! खाल्लात की काय रे?"

संध्याकाळी ताई काठी टेकत आल्या. "हसली ना मुलं? ठरल्याप्रमाणे उतरवते हो."

"हात तर लावून बघा!" संचालिकाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतः स्टुलावर चढून मला प्रवेशदारासमोरच्या भिंतीवर टांगले. त्या दिवसापासून सर्वांत लांब रांग माझ्यापुढे लागते.

मित्रांनो, चुकलेला कागद चुरगळण्यापूर्वी त्यात काय जमले आहे ते पाहा, आणि तेवढे तरी जिवापाड वाचवा. प्रदर्शनाला याल तेव्हा आम्हांला हात लावू नका. आमची अंगे नाजूक असतात. मात्र वाकून, मान तिरकी करून, हवे तेवढे निरखा. पाते कुठे फिरले, डिंक कुठे लागला, ते शोधून काढा. मी लपवणार नाही. मी पहिल्याच भिंतीवर आहे, भर उजेडात.