सगळे बाहेर आहेत

“आज मेलंय कोण?” पटांगणात उभ्या मुकादमकाकांनी ओरडून विचारलं आणि रांगेतले सगळे हसले. मग कडेच्या खुर्चीत बसलेल्या माझ्याकडे त्यांची नजर गेली.

“म्हणजे, जखमी कोण आहे आज?” त्यांनी घाईनं शब्द बदलला.

“लंबू!”

लंबू स्ट्रेचरवर आडवा पडला होता आणि त्याचे पाय गुडघ्यापासून खाली लोंबत होते. चौघांनी मिळून त्याला जेमतेम वीतभर उचललं.

“काय खातोस रे? सिमेंट?” एकजण धापा टाकत म्हणाला. “काडीपैलवान होता तेव्हा बरं होतं. एका हातानं...”

शेजारच्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

काडीपैलवान म्हणजे माझे बाबा. कारखान्यात रंग पातळ करायचं थिनर बनायचं आणि ते मोठ्या ड्रममधून डब्यांत भरण्याचं काम बाबांकडे होतं. भरण्याआधी ड्रम आणि डबा, दोन्हीला तांब्याच्या तारेचा चिमटा लावायचा. थिनर वाहताना वीज साचते, ती तारेतून जमिनीत उतरते, ठिणगी पडत नाही. हे आम्हाला घरी इतक्या वेळा ऐकावं लागलं होतं की आई म्हणायची, “मलाही एक चिमटा लावा. डोक्यात फार साचलंय.” अंगानं बाबा हडकुळे. त्यामुळे दरवर्षी आगीच्या सरावात जखमी माणूस तेच व्हायचे. उचलायला सोपे आणि पडून राहायला तयार.

गेल्या वर्षी पंपाचा पाइप निसटला. थिनर फरशीवर पसरलं आणि त्याची वाफ जमिनीलगत सरपटत कंप्रेसरच्या मोटारीपर्यंत पोचली आणि भडका उडाला. चौकशीत ठरलं ते असं: भोंगा वाजल्यावर सगळे बाहेर आले, बाबाही आले. मोजणी पूर्ण झाली. मग बाबा चष्मा आणायला परत आत गेले, ते आलेच नाहीत. त्यांना जाताना मुकादमकाकांनी पाहिलं होतं.

एकदा बाहेर पडलं की कशासाठीही मागे फिरायचं नाही, हे बाबांचंच वाक्य. मी लहान असताना घरात नुसता धूर झाला, तर त्यांनी मला अनवाणी रस्त्यावर उभं केलं होतं आणि मी बाहुलीसाठी वळले तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवला होता. असा माणूस चष्म्यासाठी मागे गेला. आईला हे झेपलंच नाही. कारण त्या सकाळी तीच दारातून म्हणाली होती, “नवा चष्मा आहे, कुठेतरी विसरून येऊ नका.”

वर्षभर ती एकाच वेळी बाबांवर चिडलेली होती आणि स्वतःवरही. रडली नाही. बाबांचा विषय निघाला की उठून कामाला लागायची. कारखान्यानं बाबांच्या नावानं ढाल ठेवली, सरावात सर्वांत लवकर बाहेर पडून मोजणी पुरी करणाऱ्या पाळीला द्यायची. ती द्यायला घरच्यांपैकी कोणी यावं असा निरोप आला, तेव्हा आई म्हणाली, “स्वतःचा नियम ज्याला पाळता आला नाही, त्याच्या नावाची ढाल कसली? तूच जा.”

म्हणून मी आले होते. सेफ्टीसाहेबांनी मला सावलीत खुर्ची दिली होती. शेडवरची कापडी पिशवी वाऱ्यानं फुगून उजवीकडे वळली होती आणि माणसं वाऱ्याच्या उलट्या बाजूला, धूर येणार नाही अशा जागी उभी होती. सगळं शिस्तीत चाललं होतं.

“चला, मोजणी!” मुकादमकाकांनी हातात कागदबिगद घेतला नाही. सगळी पाळी त्यांना तोंडपाठ होती, तीही टोपणनावांनी.

“पेंटर!”

“हजर!”

“गोल्या!”

“हजर!”

“मास्तर!”

“आलोय, आलोय.”

“आलोय नाही, हजर म्हण. लग्नाला आलायस का? लंबू!”

“हजर,” मुकादमकाकाच म्हणाले आणि न थांबता पुढे गेले. “छोटा ड्रायव्हर!”

लंबू स्ट्रेचरवर डोळे मिटून पडला होता. जखमी माणूस बोलणार कसा? म्हणून त्याचं उत्तर मुकादमांनी दिलं. त्यांनी स्ट्रेचरकडे पाहिलंही नव्हतं. नाव आणि हजर, दोन्ही एका श्वासात गेलं.

“मोजणी पूर्ण! सगळे बाहेर आहेत!” त्यांनी हात वर केला. सेफ्टीसाहेबांनी घड्याळ बंद केलं आणि टाळ्या वाजल्या.

बाबा घरी हे हसत सांगायचे. मेल्यावरसुद्धा माझी हजेरी लागते, मुकादम लावतो. किती वर्षं ऐकलं होतं मी ते. टाळ्या थांबल्या तरी मी खुर्चीवरून उठले नव्हते.

समारंभाला अवकाश होता. माणसं हात धुवायला गेली. मुकादमकाका वाळूच्या बादल्यांपाशी एकटे सापडले. एक बादली सरळ होती, तीच ते पुन्हा सरळ करत होते.

“काका, बाबांच्या नावाला पण तुम्हीच हजर म्हणायचात ना?”

“सरावात? हो तर. दरवर्षी.” ते हसले. “तो पडलेला असायचा ना समोर.”

“आणि त्या दिवशी?”

त्यांचा हात बादलीच्या कडीवर राहिला.

“त्या दिवशी कोण म्हणालं?” मी पुन्हा विचारलं.

“पोरी, आज नको. आज त्याच्या नावाचा कार्यक्रम आहे.”

“म्हणूनच विचारतेय.”

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं.

“तोंडातून गेलं,” ते म्हणाले. “धूर, आरडाओरडा, भोंगा. मी नावं घेत सुटलो. त्याचं नाव आलं आणि हजर आलं. माझ्याच तोंडातून. मला कळलंसुद्धा नाही. बंबवाल्यानं विचारलं, आत कोणी? मी म्हटलं, नाही. सगळे बाहेर आहेत.”

“तुम्ही त्यांना बाहेर पाहिलंच नव्हतं.”

“नाही.”

“परत आत जातानाही नाही.”

त्यांनी मान हलवली.

“मग कधी कळलं?”

“आग आटोक्यात आल्यावर. सगळे आपापल्या सायकली काढायला लागले. त्याची तशीच उभी.”

मला वाटलं होतं मी ओरडेन. पण माझा आवाज होता तसाच राहिला. “ते कुठे सापडले, खरं सांगा.”

“कपडे बदलायच्या खोलीत. शेवटच्या माणसानं मेन व्हॉल्व्ह बंद करायचा असतो. तो त्यानं केला, म्हणून तर टाकी वाचली. वळला तोवर वाट पेटलेली असणार. खोलीत गेला, दार लावून घेतलं. खालच्या फटीला टॉवेल ओला करून कोंबलेला होता.” ते थांबले. “आतून.”

तो नियमही मला ठाऊक होता. अडकलात तर दार लावा, फट बुजवा, जमिनीलगत बसा आणि धीर धरा. बाहेर मोजणी होते, माणूस कमी भरला की शोधायला येतात. बाबांनी हे पाळीतल्या प्रत्येकाला शिकवलं होतं. मुकादमकाकांनाही.

“आणि चष्मा?”

“साहेबांनी विचारलं, परत कशासाठी गेला असेल? काहीतरी सांगायला हवं होतं. सकाळीच मला दाखवला होता त्यानं. बायकोनं पसंत केलाय म्हणाला. तेच आठवलं.” त्यांनी बाहीनं तोंड पुसलं. “साहेब म्हणाले, आता खरं बोलून तो परत येणार आहे का? चार माणसं अडकतील, कारखाना बंद पडेल. मी ऐकलं.”

वर्षभर हा माणूस दर रविवारी आमच्या घरी येत होता. त्यानं गळका नळ बदलला, आईच्या गुडघ्यांची औषधं आणली. आई म्हणायची, सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतात. आणि याच माणसानं आमच्या पुढच्या खोलीत बसून मान हलवत म्हटलं होतं, “असाच होता हो वहिनी तो. कोणाचं ऐकायचा नाही.” आई तेव्हा उठून आत गेली होती आणि मी त्यांना पाणी दिलं होतं.

“चला,” मी म्हणाले.

“कुठे?”

“घरी. आईला सांगायला.”

“आत्ता? अगं ढाल... आमच्याच पाळीला मिळालीय...”

“ती राहू दे.”

ते आले. मला वाटतं, कोणीतरी असं न्यावं याची ते वर्षभर वाट पाहत असावेत. पण त्यासाठी मी त्यांना काही माफ करू शकले नाही.

आईनं दार उघडलं. “एवढ्यात झाला कार्यक्रम? या भावजी, बसा. पंखा लावते.”

“नको वहिनी. उभाच बरा आहे.”

त्यांनी सांगितलं. माझ्याशी बोलताना होती तेवढी धिटाई आता नव्हती. मधेच अडायचे, मागे जायचे. एकदा म्हणाले, “मी तुमचा गुन्हेगार आहे.” आई म्हणाली, “ते नंतर. पुढचं सांगा.” व्हॉल्व्हचं सांगून झालं, दाराचं झालं. टॉवेलपाशी आल्यावर त्यांना बोलवेना. ते मी सांगितलं.

आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती.

“म्हणजे ते बसून होते,” ती म्हणाली.

तिनं आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“कोणीतरी येईल म्हणून बसून होते.”

“वहिनी...”

“आणि चष्म्याचं?”

“तसं काहीच नव्हतं वहिनी. ते मी बनवलं.”

आईनं त्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मला वाटलं आता ती बोलेल; वर्षभराचं सगळं यांच्यावर काढेल. पण तिनं खुर्ची सोडली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

“पोरी,” मुकादमकाका म्हणाले, “साहेबांना पण सांगतो मी. लेखी देतो. उद्याच देतो.”

“द्या.”

“रविवारी...”

“येऊ नका.”

त्यांनी मान डोलावली. ते गेले. जाताना पुढचं दार ओढून घ्यावं की उघडं ठेवावं हे त्यांना ठरवता येईना. शेवटी अर्धवट ओढून गेले.

मी आतल्या दाराशी जमिनीवर बसले, दाराला पाठ लावून. आत काही हालचाल ऐकू येत नव्हती. हाक मारली तर ती “काही नाही गं” म्हणत बाहेर येईल आणि कामाला लागेल, हे मला माहीत होतं. म्हणून हाक मारली नाही. बोटाच्या पेरानं दारावर हळूच वाजवलं. दार उघड म्हणून नाही. बाहेर कोणीतरी आहे एवढं तिला कळावं म्हणून.

बराच वेळ काही नाही. मग दाराच्या खालच्या अंगाला, माझ्या पाठीच्या उंचीवर, आतून एकदा वाजलं.