डाव्या हाताची पोरं

सुगत सरांनी सहावीच्या वर्गाकडून आदल्या दिवशीच तालीम करून घेतली होती. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. पाहुण्यांना वर्ग हुशार दिसतो आणि सरांना कोणाला उठवायचं ते कळतं. बाळापूरजवळच्या त्या शाळेत ही युक्ती सरांच्याही आधीपासून चालत आली होती.

या वेळी तिची गरजही होती. इंग्रजीतलं नाम कोणतं आणि क्रियापद कोणतं, हे अर्ध्या वर्गाला अजून उमजलं नव्हतं. पाहणीत ते उघडं पडलं तर इंग्रजी तुमच्याकडून काढून घेऊ, असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. आणि सरांचा जीव त्याच विषयात होता.

अमरावतीहून पाहणीला आलेल्या तारा मॅडम मागच्या बाकावर बसल्या. सरांनी फळ्यावर 'टेबल' आणि 'ईट' हे दोन शब्द इंग्रजीत लिहिले.

"यातलं क्रियापद कोणतं?"

झाडून सगळे हात वर गेले.

"सर, कोणाले उठवायचं ते मी सांगू का?" मॅडम म्हणाल्या. "ते निळ्या रिबिनीवाली."

ती पायल होती, आणि तिचा डावा हात वर होता.

"मॅडम, ती जरा लाजते."

"लाजू द्या. मी काय वाघ आहे?"

पायल पुढे आली, डाव्या हातानं खडू उचलला आणि 'ईट'भोवती गोल काढला. तेव्हा कुठे सरांना आठवलं, पोरगी डावखुरी आहे. घाईत सवयीचा हात वर गेला होता.

"हेच काहून?" मॅडमनी विचारलं.

"शब्दाले 'काल' लावून पाहा लागते. ईट काल एट झालं. टेबल काल बी टेबलच होतं."

"कोणं सांगितलं?"

"सरनं."

सरांनी श्वास सोडला. पण मॅडम वर्गाकडे वळल्या. "अन् बाकीचे डावे हातवाले? तुमी बी सगळे डावखुरेच का?"

"नाई मॅडम," देवानंद बसल्या जागेवरून म्हणाला, "आमाले येत नाई."

वर्ग खळखळून हसला.

"मी बी अकोल्यात, जुन्या शहरात शिकवत होती, सर," मॅडम म्हणाल्या. "आमची पोरं येत नसलं का मूठ मिटून हात वर करत; आमाले बी विषय काढून घ्यायचा धाक राहे. विषय जाईन म्हणून करून राहिले का हे?"

सरांनी होकारार्थी मान हलवली.

"ज्याचं शिकवलेलं पोरगी असं फाडफाड सांगते, त्याचा विषय कोण काढते? मुख्याध्यापकांशी मी बोलीन. तुमी या डाव्या हातवाल्यांना शिकवा, माह्यासमोर."

सरांनी खडू घेतला.

"देवानंद, काल तुमच्या घरी काय झालं?"

"म्हैस पळाली, सर."

"मंग इथूनच सुरू करू."

वर्ग पुन्हा हसला, या वेळी सरही हसले. त्यांनी फळ्यावर 'नाम' आणि 'क्रियापद' असे दोन रकाने आखले, पहिल्यात 'म्हैस' लिहिलं आणि देवानंदला विचारलं, "आता 'पळाली' कुठं लिहू?"