कोरडी बट

आमच्या ज्यू धर्माप्रमाणे पाळी संपून ठरलेले दिवस सरले, की बायको इथे या शुद्धीच्या कुंडात बुडी मारते आणि मगच नवऱ्याजवळ जाते. एक केस जरी पाण्याबाहेर राहिला तरी बुडी फुकट. ते डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि सगळं नीट झालं की ‘कोशेर’, म्हणजे शुद्ध, असं म्हणायचं, हे माझं काम. माझ्या खडूसपणाला बायका टरकून असतात. असू देत.

त्या दिवशी अंधार पडल्यावर माझी भाची आली. हिला जन्म देतानाच माझी बहीण गेली, हिला मीच वाढवलं. आईचं दुखणं हिच्यातही उतरलंय. पहिल्या बाळंतपणात मरता मरता वाचली. ‘पुन्हा दिवस गेले तर माझ्या हातात काही नाही,’ असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आमच्या धर्मगुरूंनी, रब्बींनीही दिवस न राहण्याच्या गोळ्यांना परवानगी दिली. आधी जीव, असं धर्मच सांगतो.

तिने बुडी मारली. सगळे केस खाली गेले, एक बट मात्र पाण्यावर उभी राहिली.

"पुन्हा," मी म्हणाले.

पुन्हा तेच. पाणी हलत होतं, बट हलत नव्हती. कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी ताठ.

तिसऱ्यांदा ती वर आली ती चिडूनच. "मावशी, केस ओढू नकोस ना! दुखतंय."

"मी? अगं बाई, मी इथे काठावर चादर धरून उभी आहे!"

तिने वळून पाहिलं. मग बट चाचपली. ती कोरडी ठणठणीत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "गोळ्या घेतेस ना गं?"

ती रडायलाच लागली. "सासूबाई म्हणतात, एकावरच थांबणार का? बंद केल्यात मी. ह्यांना माहीत नाही."

"शहाणीच आहेस! आणि आता इथून सरळ त्याच्याकडे?" माझा आवाज चिरकला. "मरशील गं. एकीला पुरलंय मी. तुला नाही पुरणार."

"उद्यापासून घेते. खरंच." ती घाईघाईने पाण्याखाली गेली.

बट वरच.

वर आली तेव्हा तिचे ओठ पांढरेफटक पडले होते. ती पायरीवर बसली. "नको आज बुडी. घरी जाऊन ह्यांना सगळं सांगते. डॉक्टरीणबाई हो म्हणेपर्यंत वेगळीच निजेन."

बट हळूच खाली आली, तिच्या गालावरून फिरली आणि खांद्यावर पडली.

मी तिला चादरीत गुंडाळलं. ती कितीतरी वेळ गालावर हात ठेवून बसली.

"मावशी, आई कशी होती गं?"

"हट्टी," मी म्हणाले.