नंदी डिलीट करणाऱ्याचा जाहीर निषेध

देवळीच्या अश्वजितने अखेर सूड उगवला. त्याचे फ्लेक्सचे दुकान बुडवायला निघालेल्या नराधमाचा दहा बाय आठ फुटांचा जाहीर निषेध भर चौकात लागला, आणि तो वाचायला वर्ध्याची बस चार मिनिटे थांबली.

असे काहीही घडलेले नाही. ज्यांनी तो फ्लेक्स पाहिला, त्यांनी पाहिला नाही असे समजावे. आपण सुरुवातीपासून बघू.

नागरिकहो, आपल्याकडे माणूस जन्मला की फ्लेक्स लागतो, दहावी पास झाला की लागतो, नापास झाला तर पुढच्या वर्षी लागतो. पण अश्वजितचे दुकान वर्षभर जगायचे ते तान्ह्या पोळ्यावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरे लाकडी नंदी सजवून मिरवतात आणि प्रत्येक समितीला फ्लेक्स लागतो: मध्ये नंदी, भोवती शुभेच्छुकांची मुंडकी. एकोणीस समित्या, सहाशे अठरा मुंडकी. अश्वजितने प्रत्येक मुंडके फोटोतून अलगद कापून, गाल उजळवून, क्लाऊडवरच्या ‘पोळा’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले होते. दरवर्षी फक्त साल बदलायचे. एकदा एक मुंडके इंचभर लहान छापले गेले, तर दोन साडू आजही एकमेकांच्या घरचे पाणी पीत नाहीत.

पोळा सहा दिवसांवर आला, तेव्हा अश्वजित फोल्डर उघडायला गेला. फोल्डर नव्हता.

त्याने कंप्यूटर बंद करून चालू केला. नव्हता. त्याने कंप्यूटरला हात जोडले. तरी नव्हता. एकोणीस समित्या परत गेल्या असत्या, तर त्यांच्यामागून दुकानही गेले असते.

गुन्हेगार कोण, हे त्याला लगेच कळले. समोरचा ऋतिक! तीन वर्षे अश्वजितकडे डिझाइने केली आणि दिवाळीत रस्त्यापलीकडे स्वतःचे दुकान टाकले. त्याला पासवर्ड ठाऊक होता. खरे तर पासवर्ड सगळ्यांनाच ठाऊक होता. तो विसरू नये म्हणून अश्वजितने तीन बाय दोनच्या फ्लेक्सवर छापून काउंटरमागे लावला होता. खाली ‘कृपया गुप्त ठेवावा’ असेही छापले होते.

शहाण्या माणसाने अशा वेळी मुंडकी पुन्हा गोळा केली असती. अश्वजित सुडाला लागला. दोन दिवस गिऱ्हाइकांना बाहेर ताटकळत ठेवून त्याने ऋतिकच्या फोटोभोवती ज्वाळा रचल्या, ‘जाहीर निषेध’ रक्ताच्या थेंबांत लिहिले. शिंगे नंदीची लावायची होती. नंदी गेले होते, म्हणून बकरीची लावली.

तेवढ्यात गाळ्याची मालकीण भागीरथाबाई आत आली. बाई तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेली. तिच्या बत्तीस वर्षांत एक कागद हरवला नव्हता. हरवलेले साहेब मात्र दोन होते.

“काऊन रे अश्वजित, गिऱ्हाईक बाहेर उभं अन् तू कोनाले शिंगं लावून राह्यला?”

“ऋतिकले, मावशी. त्यानं माहा पोळा उडवला. त्याले सोडत नाई मी. त्याच्या सात पिढ्या फ्लेक्सवर घेतो!”

“पाह्यलं तू त्याले उडवताना?”

“पासवर्ड मालूम होता त्याले.”

“तो तं मलेही मालूम हाय. माह्या नातवाले बाराखडीच्या आधी तुहा पासवर्ड पाठ झाला.” बाई खुर्ची ओढून बसली. “हे पाय बाबू, आमच्याकडे कागद गेला का आधी रजिस्टर पाह्यत, मंग शिव्या देत. तुह्या क्लाऊडले असं रजिस्टर हाय का नाई? कोनं केलं, कवा केलं?”

ते असते. अश्वजितने आजवर उघडले नव्हते, एवढेच. आता त्याने ते दात खात उघडले. ऋतिकचा गळा दोन बोटांवर आला होता.

चौदा जुलै, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. दुकानाचा कंप्यूटर. ‘पोळा’ हटवला.

“पाह्यलं, मावशी! दुकानात घुसून केलं हरामखोरानं!”

“खालची ओळ वाच.”

तीन वाजून चौदा मिनिटे. दुकानाचा कंप्यूटर. ‘माझी बॅटिंग’ हा व्हिडिओ चढवला.

‘माझी बॅटिंग’ हा दोन तासांचा व्हिडिओ होता. त्यात अश्वजितची बॅटिंग एका चेंडूची होती.

“ऋतिक तुही बॅटिंग कायले चढवन?” बाईने विचारले.

“बदनामी कराले,” अश्वजित म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

अरेरे! ज्याच्या रक्ताचे थेंब त्याने दोन दिवस रंगवले, तो दोन दिवस त्याच्याच खुर्चीत बसला होता!

“जागा भरली होती, मावशी. मले वाटलं, इथून काढलं तरी वर राह्यते. क्लाऊड म्हंजे बॅकअपच ना.”

इथेच आपण सगळे फसतो, नागरिकहो. खाली पुसले की वरही पुसले जाते. वरची कचरापेटी तीस दिवस वाट पाहते आणि मग आपली आपण रिकामी होते. चौदा जुलैला महिना उलटून गेला होता.

“नक्कल कशाले म्हनते?” भागीरथाबाई म्हणाली. “मूळ कागद जळला तरी वाचते ते नक्कल. तुह्यावाला तं आरसा होता. इकडं तोंड पुसलं का तिकडं पुसलं. अरे, एक प्रत दुकानात, एक क्लाऊडवर, अन् एक दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवाव. जिथं तुहा हात पोचत नाई तिथं. तुह्या फाइलीले चोराचा धोका नाई रे. तुहा धोका हाय!”

मग ती त्याला दंडाला धरून रस्त्यापलीकडे घेऊन गेली.

ऋतिकने सगळे ऐकून घेतले. एकदाही हसला नाही, ते जास्त लागले. मग ड्रॉवरमधून एक हार्ड डिस्क काढून काउंटरवर ठेवली.

“नोकरी सोडली त्या दिवशी सारा पोळा भरून आनला, मावशी. हा उद्या म्हनन का डिझाइना मीच केल्या, तं तोंडावर फेकाले पाह्यजे.”

“अजून चालते का ते?”

“चालते म्हंजे? दर महिन्याले उघडून पाह्यतो. राग थंडा नाई झाला पाह्यजे.”

सहाशे अठरा मुंडकी एका माणसाच्या खुन्नसमुळे वाचली होती!

“देतो,” ऋतिक म्हणाला. “पन अश्वजितभाऊ, तो निषेध छापाचा. शिंगं राहू दे. तोंड बदल.”

अश्वजितने गुन्हेगाराला न सोडण्याची शपथ घेतली होती. त्याने सोडले नाही. स्वतःचा फोटो स्वतः निवडला, आणि बकरीची शिंगे त्याला ऋतिकपेक्षा बरी बसली, हे त्यालाही मान्य करावे लागले. तान्ह्या पोळ्याला एकोणीसही फ्लेक्स वेळेवर लागले. आता अश्वजितची एक प्रत ऋतिकच्या कुलपात असते आणि ऋतिकची अश्वजितच्या. महिन्याच्या एक तारखेला दोघे एकमेकांची डिस्क उघडून तपासतात. दुसऱ्याची चूक सापडेल या एकाच आशेने तपासतात, त्यामुळे तपासणी कडक होते. पासवर्डाचा फ्लेक्स उतरवला आहे.

नागरिकहो, बोध एवढाच. दुकान छोटे असो वा मोठे, प्रती तीन ठेवा, एक आपल्या हाताबाहेर ठेवा, आणि महिन्याला उघडून पाहा. शत्रू जे रागाने करतो ते आपण शहाणपणाने केले, तर शत्रूकडे हात पसरायची वेळ येत नाही. आणि सूड घ्यायचाच असेल, तर आधी रजिस्टर वाचा.

अश्वजितने मात्र शहाणपणावर विसंबून न राहता पुढील अर्ज रीतसर सादर केला आहे:

‘मा. तहसीलदार साहेब, देवळी यांचे सेवेशी. विषय: अर्जदारापासून अर्जदाराच्या व्यवसायास संरक्षण मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदार यापुढे जेव्हा जेव्हा कोणतीही फाइल डिलीट करील, तेव्हा तेव्हा संबंधित तलाठी व दोन पंच यांनी समक्ष हजर राहून पंचनामा करावा, अर्जदाराचे जाबजबाब नोंदवून त्याचा उजवा हात तीस दिवस जप्त ठेवावा, आणि सदर पंचनाम्याची प्रत कोणत्याही परिस्थितीत अर्जदाराच्या ताब्यात देऊ नये, ही नम्र विनंती.’