अकरा दहाचा मुहूर्त

माझी बायको रजनी गेल्याचे मला पहाटे पाच चाळीसला कळले. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, कारण दुसरीकडे कुठे पाहावे ते सुचेना. पुढे ज्याने विचारले त्याला मी तीच वेळ सांगितली. अजेयजींनाही सांगितली.

महिन्याभराने एका रविवारी आमच्या सॉल्ट लेकच्या फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कोलकात्यात मराठी घरे मोजकी. एका घरी कळले की सगळीकडे कळते. बँकेतले, फोर्ट विल्यमच्या लष्करी ठाण्यातले, सेक्टर फाइव्हच्या संगणक कंपन्यांतले, सगळे सतरंजीवर दाटीने बसले होते. समोर पाटावर रजनीचा लॅपटॉप, त्याला हळदकुंकू लावलेले. तो लॅपटॉप दर रविवारी रजनीच्या मृत्यूची वेळ दाखवतो, हे पाहायला माणसे आली होती.

"या यंत्रात दोन जगं आहेत," अजेयजी म्हणाले. पांढरा कुर्ता, गळ्यात रुद्राक्ष, मनगटावर स्मार्ट घड्याळ. "वरच्या ओळीत परलोक, खालच्या ओळीत इहलोक. हे फ्रिक्वेन्सीचं शास्त्र आहे. अमेरिकेत यावर संशोधन चालू आहे."

"अमेरिकेत कुठे?" अनुजाने विचारले. ही रजनीची धाकटी बहीण. नागपूरला शाळेत रसायनशास्त्र शिकवते. आदल्या दिवशीच आली होती.

"सगळीकडे," अजेयजी म्हणाले आणि त्यांनी बटण दाबले.

पडदा काळा झाला. त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या. कोणी हात लावला नाही. दहा सेकंद उलटे मोजून यंत्र आपणहून वरच्या ओळीत शिरले आणि पडद्यावर नाव उमटले: रजनी. खाली एक रिकामी चौकट.

कोणीतरी हुंदका दिला.

"बघा, वाट बघतेय हो ती," कालिंदीबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. त्यांचा मुलगा सुयश गेल्या वर्षी अपघातात गेला. त्याचा फोन अजेयजींनी लाल कापडात बांधून बाबूघाटावर गंगेत सोडला होता. तेव्हापासून आपल्याला झोप लागते, असे त्या सांगायच्या. अजेयजींना माझ्याकडे त्यांनीच आणले.

"आज महिना झाला," अजेयजींनी लाल कापड उलगडले. "आज हे यंत्र गंगेला दिलं नाही, तर ताई दोन ओळींच्या मधे अडकतील. खाली गाडी उभी आहे, काका."

मी हो म्हटलेले होते. हे मी लपवत नाही.

त्या वरच्या ओळीत रजनीचा आवाज होता. व्हिडिओ पाहून पाहून तिने विंडोजशेजारी लिनक्स नावाची दुसरी प्रणाली स्वतः बसवली होती. तिथे ती गोष्टी वाचून रेकॉर्ड करायची, इथल्या मराठी मुलांसाठी. ही मुले मराठी बोलताना अडखळतात, याचे तिला वाईट वाटे. एकोणीस गोष्टी झाल्यात, असे ती शेवटी म्हणाली होती. मी एकही ऐकली नव्हती आणि मला पासवर्ड ठाऊक नव्हता. जे उघडता येत नाही ते ठेवून काय करायचे? आणि ती खरेच अडकली असेल तर?

ध्यान झाले. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. या वेळी अजेयजींनी खालची ओळ निवडली, म्हणजे विंडोज. भिंतीवर अकरा दहा झाले होते. लॅपटॉपच्या कोपऱ्यात आकडे आले: पाच चाळीस.

सतरंजीवरून आवाज उठला. अजेयजींनी झाकणाला हात घातला. "झालं. दर्शन दिलं. ताईंची वेळ इथेच थांबलीय. आता मिटू."

अनुजाने मधे हात घातला. "राहू दे ना थोडं."

"बाई, तेज सहन होत नाही."

"मला होतं. मी रोज बर्नरपाशी उभी असते."

पाच एक्केचाळीस. पाच बेचाळीस. इतक्या रविवारांत हे आम्ही कधी पाहिले नव्हते. झाकण लगेच मिटायचे आणि आरती सुरू व्हायची.

"वेळ थांबली म्हणता, आणि घड्याळ तर चालतंय," अनुजा म्हणाली.

"त्या सोबत चालत आहेत."

"बरं. मग बारा वाजता हे किती दाखवेल?"

सगळ्यांनी अजेयजींकडे पाहिले. उत्तर माझ्या तोंडून गेले.

"साडेसहा."

"कशावरून, भाऊजी?"

"साडेपाच तास वजा."

खिदिरपूरच्या बंदरात मी एकतीस वर्षे कारकुनी केली. जहाजांचे संदेश ग्रीनिचच्या वेळेत यायचे. त्यात साडेपाच तास मिळवून मी आपली वेळ फळ्यावर लिहायचो. तोच फरक महिनाभर माझ्या घरात पाटावर मांडलेला होता आणि मला दिसला नव्हता.

"काका, योग टळतोय," अजेयजींचा आवाज चढला. "साडेअकराच्या आत निघायला हवं."

"का? परलोकाचं काउंटर बंद होतं?" अनुजा म्हणाली. बँकेतले अविनाश हसले आणि बायकोने पाहताच गप्प झाले.

अजेयजींनी लॅपटॉप उचलायला हात पुढे केले. मी तो मांडीवर घेतला. "बारापर्यंत थांबू," मी म्हणालो. बाराला साडेसहा झाले नाहीत तर मला तो द्यावा लागणार होता.

कालिंदीबाई उठल्या. "गेलेल्या माणसाची परीक्षा घेता, चारुदत्तराव? मला नाही बघवत." त्या निघून गेल्या. बाकीचे बसून राहिले.

बारा वाजले. पडद्यावर सहा तीस.

अनुजाने फोनवर शोधून वाचून दाखवले. लॅपटॉपच्या आत एक छोटे घड्याळ असते. लिनक्स त्यात ग्रीनिचची वेळ भरते. विंडोज तीच वेळ इथली समजून दाखवते. इंटरनेट असेल तर चूक थोड्या वेळात दुरुस्त होते. पण रजनीच्या नावाने ईमेल येत राहिले, म्हणून विंडोजमधले इंटरनेट मीच बंद केले होते. लिनक्समधले चालूच होते. काळा पडदा म्हणजे कुठली प्रणाली हवी ते विचारणारी यादी. आणि ते नाव रजनीने स्वतःच्या हाताने टाइप केलेले, खालची रिकामी चौकट पासवर्डची.

अनुजाने इंटरनेट चालू केले आणि वेळ जुळवण्याचे बटण दाबले. सहा तेहतीसचे क्षणात बारा तीन झाले.

"मुहूर्त अकरा दहाचाच का काढलात?" मी अजेयजींना विचारले. "पहिल्या दिवशी तुम्ही हे मागे पडलेलं घड्याळ पाहिलंत. मग ती किती वाजता गेली ते मला विचारलंत. पाच चाळीस आणि साडेपाच तास. बेरीज तुम्ही केलीत."

"तुमच्याकडे बुद्धी आहे, भाव नाही," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

दोन दिवसांनी सेक्टर फाइव्हमधल्या केयूरने पेनड्राइव्हवरून लॅपटॉप चालू करून सगळ्या गोष्टी काढून दिल्या. पासवर्ड लागला नाही. एकोणीसच्या एकोणीस आहेत. सातव्या गोष्टीत ती मधेच खोकते आणि "थांबा हं मुलांनो" म्हणते.

वाचणाऱ्यांना मी एवढेच सांगतो. दुःखात माणूस मूर्ख होत नाही, पण त्याचे मोजणे सुटते. कोणी चमत्कार दाखवला तर त्याने ठरवलेल्या वेळी पाहू नका. थोडे थांबा, वेळ बदला आणि मग पाहा. रागावणारा रागावेल. रागावू द्या.

कालिंदीबाई त्या दिवशी बाराच्या आधी गेल्या. पुढे काय झाले ते त्यांना सांगायला कोणी धजावलेले नाही. सुयशचा फोन गंगेत गेला, तोही अशाच बनवाबनवीत गेला, हे मलाच जाऊन सांगायला हवे. मी अजून गेलेलो नाही.