साचा गार पडू नये म्हणून

फाल्गुनातलं पिवळं ऊन, जुन्या खाणीच्या काळ्या कड्यावरून ओघळणारं.

चौपदरी घातलेला टॉवेल, मधोमध करपलेला.

शेवग्याची फुलं. पांढरी, हलकी, गळताना आवाज न करणारी.

मधाच्या पोळ्याचं मेण, सुपारीएवढं.

भिंतीतली एक खुंटी, जिच्यावर आता काही नाही.

आणि एक उच्चार. शब्दही नव्हे तो. ओठ मिटून, नाकातून सोडलेला, एवढासा.

हं.

कृष्णाकाठच्या त्या गावात मंदाकिनी पाटणकर सकाळीच परसात उतरली. शेवग्याखाली शेगडी मांडली, कोळसे पेटवले, आणि त्यांवर बिडाची जाड कढई ठेवली. तिच्या नवऱ्याचा, मल्हाररावांचा, तेरावा होऊन गेला होता. पाहुणे परतले होते. घर मोठं झालं होतं, नको इतकं मोठं.

गावाबाहेरच्या खाणीत रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्यांचा एक क्लब होता. मूठभर माणसं. त्यांची एक रीत होती, कुठे लिहून न ठेवलेली. सोबती गेला की तेराव्यानंतरच्या रविवारी सगळ्यांनी एकेक गोळी झाडायची, कोऱ्या कागदावर. गोळी त्याच्याच घरी ओतलेली, त्याच्याच साच्यातली. आणि तो कागद त्याच्या घरी नेऊन द्यायचा.

पण मल्हाररावांच्या डब्यात एकही गोळी उरली नव्हती.

क्लबचे सेक्रेटरी देशिंगकर यांनी फोन करून सांगितलं होतं की वहिनींनी उगाच त्रास घेऊ नये. कंपनीच्या गोळ्यांचं खोकं पडून आहे, तांब्याच्या वेष्टनाच्या, गोल नाकाच्या, चकचकीत. त्या चालतील. मंदाकिनीने ऐकून घेतलं होतं. नंतर म्हणाली होती, "त्यांना चालल्या नसत्या."

एवढंच. पण एवढ्यावर आता सारं टांगलेलं होतं. रविवारी त्या कागदाला त्यांच्या साच्यातली गोळी लागणार, की परक्या खोक्यातली?

शिसं आणून दिलं होतं अल्लाबक्ष मुजावरांनी. बंदुका दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, मल्हाररावांचा जुना सोबती. खाणीच्या टोकाला निशाणामागे वाळूचा बांध होता. सगळ्यांच्या गोळ्या त्यात जाऊन रुतत. ती वाळू चाळायची, चेपलेलं, फुटलेलं, फुलासारखं उमललेलं शिसं वेचायचं, वितळवायचं, आणि पुन्हा गोळी. वर्षानुवर्षं तेच शिसं. गेलेलं, परतलेलं, पुन्हा गेलेलं.

"ह्यात निम्मं त्येचंच हाय, वहिनी," मुजावर पिशवी खाली ठेवत म्हणाले होते. "लई झाडायचा. आन् लागलं न्हाई की वाऱ्याला शिव्या."

मंदाकिनी हसली होती. त्या दिवसांतलं पहिलं हसू, ओठांच्या एकाच कोपऱ्यातलं.

आता त्या गोळीविषयी.

ती देखणी नाही. तिला टोक नाही. वर चपटं नाक, त्याच्याकडे निमुळती होत गेलेली मान, आणि मानेखाली एकदम रुंदावलेला, धारदार, काटकोनी खांदा. त्या खांद्यावरून क्लबात तिला खांदेवाली म्हणत. अंगाला एक खोल खाच, मेण भरायला. शंभरीकडे झुकलेला नमुना. त्यानंतर जगात किती गोळ्या निघाल्या, वेगवान, तेजस्वी, तांबूसवर्णी, शलाकेसारख्या. आणि तरी रिव्हॉल्व्हरवाला माणूस फिरून फिरून हिच्याच दारी येतो.

का येतो, ते मल्हारराव घरी आलेल्या कुणालाही ऐकवत, त्याने विचारलेलं नसलं तरी. ती घरच्या कोळशावर जन्मते, बाजाराची वाट पाहत नाही. बंदुकीच्या मंद दारूवरही सरळ जाते, हाताला हिसका देत नाही, मऊपणाने नळीला जपते. पण खरं कारण वेगळं, असं म्हणून ते थांबत, चष्मा पुसत, आणि समोरच्याची चुळबुळ सुरू झाली की पुढे बोलत. खरं कारण म्हणजे ती खोटं बोलत नाही. गोल नाकाची गोळी कागदात शिरते ती कागद फाडत, लोटत; मागे उरते चिरफाळलेली कड, आणि तंतू पुन्हा एकमेकांकडे झुकतात. भोक कुठे, काठ कुठे, वाद घाला. खांदेवालीचा खांदा कागद कापतो. शुद्ध, वर्तुळाकार, निःसंदिग्ध. जिथे लागली तिथे लागली.

शिसं वितळलं.

आधी कडा ढिल्या झाल्या, मग मध्य खचला, मग एकाएकी कढईत एक धूसररुपेरी, जडशीळ, निस्तरंग तळं. मंदाकिनीने मेणाचा खडा टाकला. धूर उठला, मधुर, पिवळसर. लोखंडी पळीने तिने ढवळलं, वर आलेली काळी साय बाजूला काढली. चिमटीभर कथील घातलं. तळं आरशासारखं झालं. त्यात शेवगा दिसला, आभाळ दिसलं, आणि एक बाई, पांढरं पातळ नेसलेली.

तिने मान मागे घेतली.

वितळलेल्या शिशावर पाणी पडता कामा नये. घामाचा थेंबही नाही. थेंब आत गेला की त्याची क्षणात वाफ होते आणि कढई तोंडावर उसळते. लग्नानंतर पहिल्यांदा शेगडीजवळ बसली तेव्हा मल्हाररावांनी तिच्या कपाळाला स्वतःचा रुमाल बांधला होता. आज खुंटीवरून काढून तिने तोच बांधला होता. पण रुमाल कपाळापुरता. कपाळाखाली डोळे असतात.

म्हणून ती रडली नाही. कोरड्या डोळ्यांनी, कोरड्या हातांनी, तिने पळी भरली.

दोघांचं काम होतं ते, कायम. साचा त्यांच्या हातात, पळी तिच्या. ती ओतायची. शिसं साच्याच्या तोंडाशी क्षणभर लकाकायचं, मग त्यावर अंधुक साय धरायची. ते पाहत असायचे, आणि नेमक्या क्षणी म्हणायचे, हं. लाकडी दांडक्याचा ठोका, साचा उघडा, गोळी टॉवेलवर. पुन्हा पळी. पुन्हा हं. संसारातली कितीतरी बोलणी विरून गेली, भांडणं विझली, पण हा ताल राहिला. ओत. हं. ठोका. ओत. हं. ठोका.

आज साचा डाव्या हातात, पळी उजव्या.

ओतलं.

ती थांबली.

शेवग्याचं फूल पडलं. दूर कुणीतरी मोटारसायकल सुरू केली. ती थांबली.

मग ध्यानात आलं, कशासाठी थांबली.

साचा उघडला. गोळी पडली ती सुरकुतलेली, म्हाताऱ्या गालासारखी. खांद्याला धार नाही. साहजिक होतं, पहिल्या काही गोळ्या गार साच्यामुळे बिघडतातच. तिने ती परत कढईत सोडली. पुन्हा ओतलं. पुन्हा, न ठरवता, थांबली. पुन्हा सुरकुत्या. कोळसे फुलवले, शिसं तापवलं, पुन्हा ओतलं. साचा तापावा म्हणून भराभर ओतावं लागतं, हे ती जाणत होती. हात जाणत होते. पण प्रत्येक ओतण्यानंतर सारं शरीर कान होऊन उभं राहायचं, आणि तेवढ्या वेळात साचा गार पडायचा.

टॉवेल रिकामा. ऊन माथ्याशी. कढईतलं तळं तसंच, भरलेलं.

घरातला फोन वाजून वाजून थांबला. देशिंगकरच असणार. खोकं तयार असणार.

मंदाकिनीने पळी भरली. ओतलं. साच्याच्या तोंडाशी शिसं लकाकलं, लकाकलं, त्यावर साय धरू लागली.

"हं," ती म्हणाली.

स्वतःचा आवाज तिला परका वाटला. जाड, घोगरा. ठोका. गोळी पडली.

"हं."

ठोका.

"हं."

आता सुरकुत्या नव्हत्या. आता टॉवेलवर एकामागून एक उतरत होत्या त्या, रजतश्याम, तीक्ष्णस्कंध, चपट्या नाकाच्या, ताठ मानेच्या; आणि शेवग्याखाली एक बाई एकटीच हुंकारत होती, हरिपाठासारखी, अंगाईसारखी, कुणीतरी फार लांबची गोष्ट सांगत असावं आणि आपण ऐकतो आहोत असं त्याला कळवावं, तशी.

शिसं संपलं. शेगडी विझली. कढई गार झाली, अगदी गार, हात लावून पाहिली तिने. मग कपाळाचा रुमाल सोडला, डोळ्यांवर धरला, आणि परसातल्या दगडावर बराच वेळ बसून राहिली. आता पडलं पाणी तर पडो.

रविवारी खाणीत ऊन लख्ख होतं. कागद घरी येण्याची वाट न पाहता मंदाकिनी स्वतःच आली होती. क्लबच्या, दारूचा परवाना असलेल्या खोलीत मुजावरांनी त्या गोळ्या काडतुसांत भरून ठेवल्या होत्या. एकेक जण पुढे झाला. आवाज कड्यावर आपटून परत येत होता, मोठा, मग लहान, मग नाहीसा. मुजावर शेवटी.

कागद आणला. देशिंगकरांनी तो हातात घेतला, चष्मा वर केला, एका भोकाच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले की कंपनीची गोळी इतकी स्वच्छ बसत नाही.

"त्यो दुसरं काय म्हणत व्हता तुमाला इतकी वर्सं?" मुजावर म्हणाले.

कुणी हसलं, कुणी खोकलं. साच्याचं पुढे काय, असं कुणीतरी हळूच विचारलं. मंदाकिनीने मुजावरांकडे पाहिलं.

"वाळू चाळून ठेवा, भाऊ. मी ओतीन."

मुजावर चाळणी उचलून बांधाकडे चालू लागले.

तिने कागद उन्हाकडे धरला. गोल, निःशब्द, काठोकाठ कापलेली भोकं. एकही मिटलेलं नाही, एकही मिटणार नाही. त्यांतून ऊन उतरलं, आणि तिच्या पांढऱ्या पातळावर थेंबाथेंबांनी उभं राहिलं, हललं, स्थिरावलं.

मल्हारराव गेले त्या बुधवारी दुपारी तिने स्वयंपाकघरातून विचारलं होतं, चहा टाकू का, आणि त्यांच्या ‘हं’ची वाट न पाहता दोन कप टाकला होता.